पूररेषा नकाशावर दिसते, अंगणात ती नेमकी कुठे धरायची?

नागकाठ (धागाकर्ता) | ११ मे, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी.

नागपुरात अंबाझरी तलावाच्या सांडव्याच्या खालच्या अंगाला, नाग नदीपासून दोन गल्ल्या सोडून आमचं घर आहे. बाबांनी बांधलेलं. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे पाणी आत शिरलं आणि तेव्हापासून खालच्या भिंतींनी ओल सोडलेली नाही. आता पाडून नव्याने बांधायचं ठरलंय.

आर्किटेक्ट म्हणाल्या, जोतं लाल पूररेषेच्या (शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या) पातळीपेक्षा ४५ सेंटिमीटर वर घ्यायचं, नियम तसा आहे. मी विचारलं, आमच्या प्लॉटवर ती पातळी किती? त्यांनी नकाशा उघडला. लाल रेघ आमच्या प्लॉटच्या मागच्या कोपऱ्यातून गेलीय, पण पातळीचा आकडा कुठेच नाही. मोठं करून पाहिलं तर रेघही तेवढीच जाड होते, त्यामुळे स्वयंपाकघर आत की बाहेर ते कळत नाही.

शेजारचे काका म्हणतात, त्या दिवशी पाणी जिथवर आलं त्याच्या हातभर वर बांध आणि मोकळा हो. मेव्हण्यांचं म्हणणं, असा पूर शंभर वर्षांत एकदाच येतो, तो येऊन गेला, आता उगाच भरावात पैसे घालू नको.

मला जमिनीवरची रीत हवी आहे. ही पातळी कुठून मिळवायची, अंगणापर्यंत कशी आणायची आणि भिंतीवरच्या पुराच्या खुणेवर कितपत भरवसा ठेवायचा? ज्यांनी हे प्रत्यक्ष केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा. पावसाळ्याआधी जोत्याचा निर्णय करायचा आहे.

तर्रीपोहे | ११ मे, रात्री ९:३१

वाचतोय. आमचा प्रश्न हाच, फक्त आमची नदी म्हणजे पिवळी नदी.

स्टाफधारी | ११ मे, रात्री १०:०५

नागकाठ, रेघ तूर्त बाजूला ठेवा आणि आकडा मिळवा. मी सर्व्हेचं काम करतो, म्हणून जरा लांबण लावतो.

पूररेषा आखताना आधी नदीचे आडवे छेद घेतात. प्रत्येक छेदाशी पुराचं पाणी किती उंच चढेल हे काढतात, समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये. आम्ही त्याला आरएल म्हणतो. मग ही पातळी दोन्ही काठांच्या जमिनीला जिथे टेकते ते बिंदू जोडले की नकाशावरची रेघ तयार होते. छेदांच्या ठिकाणी ती बऱ्यापैकी खरी असते. दोन छेदांच्या मधे ती कंटूरच्या (समान उंचीच्या रेषांच्या) आधाराने ओढलेली असते. कंटूर जुने असले किंवा मधल्या काळात कुणी भराव टाकला असला की रेघ आणि जमीन यांचा मेळ सुटतो.

सपाट भागात हा फरक किती होतो ते पाहा. जमिनीचा उतार दोनशेला एक असेल तर पातळीत ३० सेंटिमीटरचा फरक पडला की रेघ ६० मीटर सरकते. म्हणजे अख्खी गल्ली आत किंवा बाहेर. शिवाय नकाशा १:१०,००० चा असेल तर अर्ध्या मिलीमीटरची रेघ म्हणजे जमिनीवर ५ मीटर रुंदीचा पट्टा. तुमचं स्वयंपाकघर त्या पट्ट्यातच मावेल.

तेव्हा ज्यांनी पूररेषा आखली त्या खात्याकडे छेदांचा तक्ता मागा: छेद क्रमांक, साखळी अंतर (नदीच्या धारेने मोजलेलं), निळ्या रेषेची (२५ वर्षांच्या पुराची) पातळी, लाल रेषेची पातळी. साध्या अर्जाने नाही मिळाला तर माहितीच्या अधिकारात मिळतो. तुमच्या घराच्या वरचा आणि खालचा छेद निवडा. समजा वरच्या छेदाला लाल पातळी ३०१.२० आहे, खालच्याला ३००.६०, आणि दोन्हींत ३०० मीटर अंतर आहे. घर वरच्या छेदापासून १०० मीटर खाली असेल तर तुमची पातळी ३०१.००. (आकडे समजावण्यापुरते आहेत, ते तुमच्या प्लॉटला लावू नका.) अंतर नदीच्या धारेने मोजायचं, रस्त्याने नाही. नदीला वळण असेल तर घरापासून छेदाला समांतर रेघ धारेपर्यंत न्यायची आणि तिथून मोजायचं.

आणि मधे पूल असेल तर हे सरळ त्रैराशिक लावायचंच नाही. पुलाच्या वर फुगवटा असतो आणि पुलाखालून निघालं की पातळी एकदम उतरते. अशा वेळी पुलाच्या ज्या बाजूला घर आहे त्याच बाजूचे छेद घ्यायचे.

सुगरणीचं_घरटं | ११ मे, रात्री ११:२०

त्या रात्रीची आठवण निघाली म्हणून लिहिते. आमच्याकडे महालक्ष्म्या बसल्या होत्या. आदल्या दिवशी जेवणं झाली, सोळा भाज्या, आंबील, पुरण, सगळं यथासांग. दमून झोपलो होतो. पहाटे सासूबाईंना आवाज आला तो न्हाणीघरातून. पाणी दारातून यायच्या आधी जाळीतून उसळत होतं. बघता बघता घोट्याशी, मग गुडघ्याशी आलं. यजमानांनी आधी मुखवटे सज्ज्यावर ठेवले आणि मगच आम्ही जिन्यावर गेलो.

पाणी ओसरल्यावर ज्या स्टीलच्या कोठ्यांवर मुखवटे बसवले होते त्या तशाच उभ्या होत्या, आत गहू होता म्हणून वाहून गेल्या नाहीत. त्यांच्यावर गाळाची रेघ होती, पट्टीने मारल्यासारखी सरळ. दोन्ही कोठ्यांवर एकाच उंचीला. सासूबाईंनी त्यातली एक आजतागायत घासू दिलेली नाही. त्या रेघेचा नागकाठ यांना काही उपयोग असेल तर घर तुमच्यापासून फार लांब नसावं.

स्टाफधारी | ११ मे, रात्री ११:४४

सुगरणताई, त्या कोठीला हात लावू नका आणि ती कुठे उभी होती ती फरशी खडूने आखून ठेवा. घराच्या आतली, बंद खोलीतली खूण सगळ्यात भरवशाची, कारण तिथे पाणी संथ असतं. एवढी स्वच्छ रेघ आम्हाला क्वचित मिळते.

भौ_उमरेडचा | १२ मे, सकाळी ७:५०

बाप्पा, एवढं गणित कायले जी? आमच्या गावचा मिस्त्री पारदर्शक नळी लावते, पाणी भरते अन् चहा व्हायच्या आत लेवल सांगते. त्याले ना आरएल माहीत ना छेद.

स्टाफधारी | १२ मे, सकाळी ८:१५

भौ, मिस्त्री अगदी बरोबर करते. दोन घरांच्या मधे खूण न्यायची असेल तर पाण्याच्या नळीसारखं सोपं साधन नाही, काही मिलीमीटरांत उत्तर देते. फक्त नळीत एकही बुडबुडा राहता कामा नये, नळीचं एक टोक उन्हात आणि दुसरं सावलीत नको, आणि वाचन दोन्ही टोकांना पाणी पूर्ण स्थिरावल्यावर घ्यायचं. सुगरणताईंच्या कोठीवरची रेघ नागकाठ यांच्या अंगणात आणायला ही नळी टप्प्याटप्प्याने चालेल. पण सरकारी लाल रेषेची पातळी समुद्रसपाटीपासून दिलेली असते. ती आणायची तर ज्ञात उंचीच्या बेंचमार्कपासून ऑटो लेव्हल (आडवी पातळी पकडणारी दुर्बीण) चालवत यावं लागतं.

सांडवा_१९५२ | १२ मे, सकाळी ११:३०

मी पाटबंधाऱ्याच्या कामातून निवृत्त झालो आहे. मेव्हण्यांच्या म्हणण्यावर आधी बोलतो, कारण त्यात जीव अडकलेला आहे.

'शंभर वर्षांतून एकदा' हे सरासरीचं बोलणं आहे. दर वर्षी १ टक्का शक्यता, एवढाच त्याचा अर्थ. गेल्या वर्षी येऊन गेला म्हणून पाऊस यंदाची पाळी चुकवत नाही. घर ३० वर्षं टिकणार असेल तर त्या काळात असा पूर निदान एकदा येण्याची शक्यता २६ टक्के होते. निळी रेषा २५ वर्षांच्या पुराची. तिथे तीच शक्यता ३० वर्षांत ७० टक्क्यांच्या घरात जाते. आपल्या माणसाच्या आजारपणात डॉक्टरांनी चारात एक धोका सांगितला तर आपण तो सोडून देतो का?

आता व्याख्या. महाराष्ट्रात १९८९ च्या परिपत्रकापासून ही पद्धत आहे. निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणारा पूर किंवा पात्राच्या वहनक्षमतेच्या दीडपट विसर्ग, यांत जो जास्त तो. नदी ते निळी रेषा हे निषिद्ध क्षेत्र. लाल रेषा १०० वर्षांच्या पुराची. निळी ते लाल हे नियंत्रित क्षेत्र, तिथे अटींवर बांधता येतं आणि ४५ सेंटिमीटरची अट तिथलीच. नदीवर धरण असेल तर लाल रेषेसाठी सांडव्याचा संकल्पित महत्तम विसर्ग आणि धरणाखालच्या मुक्त पाणलोटातला १०० वर्षांचा पूर यांची बेरीज धरतात.

ही शेवटची ओळ नागकाठ यांनी नीट वाचावी. अंबाझरी हा १८७० च्या सुमाराचा तलाव, शहराला पाणी पाजायला बांधलेला. आज त्याच्या खाली दाट वस्ती आहे. तुमच्या प्लॉटसाठी सांडव्याचा विसर्ग किती धरला आहे, हे तक्त्यासोबतच्या टिपणीत असतं. तेही मागा.

नागकाठ | १२ मे, दुपारी १:१०

सांडवा सर, स्टाफधारी, मनापासून आभार. अर्ज आजच टाकतो. एक शंका: मोबाईलमध्ये उंची दाखवणारं अ‍ॅप आहे. प्लॉटवर उभं राहून तो आकडा घेतला तर अंदाजापुरता चालेल का?

स्टाफधारी | १२ मे, दुपारी २:०२

अजिबात नको. मोबाईल उभ्या अंतरात काही मीटर इकडेतिकडे जातो आणि आपला सगळा वाद वीतभर उंचीचा आहे.

दुसरं कारण याहून मोठं. उपग्रह जी उंची मोजतात ती एका गणिती लंबगोलापासून. आपली आरएल सरासरी समुद्रसपाटीपासून. भारतात समुद्रसपाटी त्या लंबगोलाच्या बरीच खाली येते, नागपूर भागात हा फरक पन्नास मीटरहून जास्त आहे. काही अ‍ॅप तो वळता करून दाखवतात, काही करत नाहीत. अडीचशेच्या आसपास आकडा दिसला तर घाबरू नका, नागपूर खचलेलं नाही. चांगल्या डीजीपीएसवाल्यालाही (उपग्रहावरून अचूक मोजणाऱ्यालाही) हे विचारा: उंची कोणत्या आधाराची आणि कोणत्या बेंचमार्कवर तपासली?

आणि बेंचमार्कच्या बाबतीत नागपूरकर भाग्यवान आहेत. झिरो माइलच्या खांबापाशी १९०७ चा जीटीएस (देशाच्या मोठ्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा) बेंचमार्क आहे. तिथे उंची कोरलेली आहे, १०२०.१७१ फूट. मीटरमध्ये ३१०.९४८. रोज हजारो लोक तिथून जातात आणि चार घोड्यांसोबत फोटो काढून येतात. शहराची उंची ज्या दगडावरून मोजली गेली तो तिथेच आहे.

अर्थात दर वेळी तिथून लेव्हल चालवत यायची गरज नसते. शहरातल्या मोठ्या कामांसाठी जवळपास टीबीएम (तात्पुरते बेंचमार्क) केलेले असतात. ज्यांनी पूररेषेचा सर्व्हे केला त्यांचेच टीबीएम मिळाले तर उत्तम, कारण मग तुमची आणि त्यांची मोजणी एकाच पायावर येते. तिथून निघा, तुमच्या प्लॉटवर या आणि दुसऱ्या वाटेने परत त्याच टीबीएमवर जाऊन मिटवा. मिटवताना आलेली चूक १२ गुणिले किलोमीटरमधल्या अंतराचं वर्गमूळ, एवढ्या मिलीमीटरच्या आत हवी. एक किलोमीटरला १२, चार किलोमीटरला २४. जास्त आली तर काम पुन्हा करायचं, आकडे जुळवायचे नाहीत. सर्व्हेअरकडून फील्डबुकाची प्रत मागून घ्या, नुसता निकाल नको.

ह्यूस्टनचा_नागपूरकर | १२ मे, संध्याकाळी ७:४८

इकडची पद्धत सांगतो, तुलना करायला बरी पडेल. इथे फेमाचे (अमेरिकेच्या सरकारी आपत्ती संस्थेचे) नकाशे असतात आणि त्यांवर १ टक्का शक्यतेच्या पुराची पातळी लिहिलेली असते, 'बेस फ्लड एलेव्हेशन'. घर रेघेच्या आत आहे की बाहेर यावर वाद झाला की शेवटी जमिनीची मोजलेली उंची आणि ही पातळी यांची तुलना करतात. घराला लागून असलेली सगळ्यात खालची जमीन त्या पातळीइतकी किंवा वर आहे असं परवानाधारक सर्व्हेअरने मोजून दिलं, तर नकाशातून ते घर वगळण्याचा अर्ज करता येतो. म्हणजे स्टाफधारी सांगतात तेच.

इथलाही एक खड्डा सांगतो. जुने नकाशे १९२९ च्या उंची-आधारावर आणि नवे १९८८ च्या आधारावर. दोन आकडे दोन आधारांचे असले आणि कुणी तसेच वजा केले की जोतं चुकतं.

आणि २०१७ च्या हार्वी वादळात आमच्या शहरात रेघेबाहेरची कितीतरी घरं बुडाली. तेव्हा रेघेच्या बाहेर आहोत म्हणून निर्धास्त राहू नका.

पाणलोट | १२ मे, रात्री ९:२५

मी जलविज्ञान शिकवतो. नागकाठ यांच्या तिसऱ्या प्रश्नाला, म्हणजे खुणांना, अजून कुणी सविस्तर हात घातलेला नाही.

पुराची खूण वाचणं ही स्वतंत्र विद्या आहे. भिंतीवर बहुधा एकाहून जास्त रेघा असतात, कारण पाणी उतरताना मधे मधे थांबतं. आपल्याला सगळ्यात वरची हवी. विटेच्या भिंतीत ओल पाण्याच्या वर चढते, म्हणून ओलीचा डाग धरायचा नाही, गाळाची किंवा तेलकट कचऱ्याची बारीक कड धरायची. दाराच्या मागची बाजू, कपाटाची आतली बाजू, मीटरच्या पेटीचा तळ, अशा जागी ती छान टिकते.

बाभळीच्या फांद्यांना अडकलेल्या पन्न्या फसव्या असतात. फांदी प्रवाहात वाकते, पन्नी अडकते, पाणी गेलं की फांदी परत वर उठते. मग खूण खऱ्या पातळीच्या वर दिसते. जाड बुंध्यावरची किंवा तारेच्या कुंपणावरची घ्या. पुलाच्या खांबाची प्रवाहाकडची बाजूही टाळा. पाणी सेकंदाला ३ मीटर वेगाने आदळत असेल तर तिथे ते ४५ सेंटिमीटरपर्यंत वर चढू शकतं. म्हणजे एका चुकीच्या खुणेत तुमची नियमातली सगळी उंची संपली.

लोकांना विचारताना 'किती पाणी होतं' असं विचारू नये. कमरेइतकं म्हणतात, पण कमर कुणाची? 'तुम्ही कुठे उभे होता, कोणती पायरी दिसत होती' असं विचारावं आणि भिंतीवर बोट ठेवायला सांगावं. मग दुसऱ्या माणसाला, पहिला समोर नसताना, तेच विचारावं. दोन्ही बोटं जवळ आली तर ती खूण घ्यावी. मी विद्यार्थ्यांना घेऊन जातो तेव्हा घरातल्या बायकांना आधी विचारायला लावतो. गाळ त्यांनी उपसलेला असतो, त्यांना वीत न् वीत लक्षात असते.

मोवाडचं_मूळ | १२ मे, रात्री १०:४०

पाणलोट सरांचं शेवटचं वाक्य वाचून थांबलो. माझं आजोळ नरखेड तालुक्यातलं मोवाड. ३० जुलै १९९१ ला वर्धा नदीच्या पुरात गावातली दोनशेहून जास्त माणसं गेली. नंतर गाव वर, नव्या जागी वसवलं. आजी म्हणायची, पाणी कुठवर येतं ते आमच्या म्हाताऱ्यांना माहीत होतं, पण ते तेवढं येईल असं कुणाला वाटलं नव्हतं. म्हणून विनंती, जुन्या खुणेला कमाल समजू नका. तिच्यापेक्षा मोठा पूर येऊ शकतो.

काँक्रीटविरोधी | १३ मे, सकाळी ९:०५

माझं थोडं वेगळं मत. २०२३ ची खूण घेऊन जोतं ठरवणं मला पटत नाही. त्या रात्री काही तासांत शंभर मिलीमीटरच्या वर पाऊस झाला हे खरं, पण पाणी चढलं ते सांडव्याखालचं पात्र अरुंद झाल्याने, पुलांच्या कमानी तुंबल्याने, संरक्षक भिंती पडल्याने. पात्र मोकळं झालं तर त्याच पावसात पातळी कमी राहील. मग प्रत्येकाने आपापलं जोतं उचलायचं की नदीची जागा नदीला द्यायची?

पाणलोट | १३ मे, सकाळी १०:३०

नदीची जागा नदीला द्यावी यात दुमत नाही. पण दुसरी बाजू मोजून बघू. एक चौरस किलोमीटरच्या पाणलोटावर तासाला ६० मिलीमीटर पाऊस धरा. मोकळी, मुरणारी जमीन असेल, गुणांक (पावसातला वाहून जाणारा वाटा) ०.३, तर ०.२७८ (एकक बदलायचा आकडा) गुणिले ०.३ गुणिले ६०, म्हणजे सेकंदाला ५ घनमीटर. तीच जमीन छपरांनी आणि सिमेंटच्या रस्त्यांनी झाकली, गुणांक ०.७ झाला, तर पावणेबारा घनमीटर. पाऊस तोच, पाणी दुपटीहून जास्त. वर ते लवकर पोचतं, म्हणून शिखर आणखी उंच होतं. ६ जुलै २०१८ ला विधान भवनाच्या तळघरात पाणी शिरून अधिवेशनाचं काम थांबलं होतं, आठवतं ना? तिथे वर कुठला तलाव फुटलेला नव्हता.

म्हणून जुन्या पाणलोटावर काढलेली लाल पातळी आजच्या पाणलोटाला कमी पडू शकते आणि तुंबलेल्या पुलामुळे आलेली खूण उद्याच्या रुंद पुलाला जास्त ठरू शकते. नागकाठ यांना पावसाळ्याआधी जोतं ठरवायचंय. त्यांनी दोन्ही आकडे एकाच आधारावर आणून शेजारी ठेवावेत आणि वरचा धरावा.

काँक्रीटविरोधी | १३ मे, सकाळी १०:५२

एका घरासाठी मान्य. शहरासाठी मी माझ्या मुद्द्यावर ठाम आहे.

कृष्णाकाठी | १३ मे, दुपारी ३:१५

सांगलीहून लिहितोय. आमच्याकडे कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची पातळी पोराटोरांना पाठ असते. ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका. २०१९ ला ती ५७ फुटांच्या वर गेली. पण खरी गंमत पुढे आहे. प्रत्येक घराला स्वतःचा आकडा माहीत असतो: पुलावर एवढे फूट झाले की आमच्या गल्लीच्या तोंडाशी पाणी, एवढे झाले की पायरीवर. त्या हिशोबाने माणसं गाड्या काढतात, जनावरं सोडतात, म्हातारी माणसं हलवतात.

तुमच्याकडे नाग नदीच्या पुलांवर अशी मोठी, लांबून वाचता येणारी पट्टी रंगवून घ्या आणि आपली पायरी त्या पट्टीला जोडून ठेवा. जोतं बांधायला वेळ लागतो, हे एका दिवसाचं काम आहे.

सुगरणीचं_घरटं | १३ मे, दुपारी ४:०२

कृष्णाकाठी, ही कल्पना फार आवडली. आमच्या पहाटेला मात्र इशारा मिळायला वेळच नव्हता. तुमची कृष्णा दिवसांत चढते, आमची नाग तासाभरात.

सांडवा_१९५२ | १३ मे, संध्याकाळी ५:२०

सुगरणताईंचं निरीक्षण महत्त्वाचं आहे. छोट्या पाणलोटाच्या नदीत पट्टी वाचून पळायला अवधी मिळत नाही, तिथे जोतंच वाचवतं. पट्टी तरीही हवी, कारण पुराची नोंद राहते आणि पुढच्या वेळी पूररेषा सुधारायला खरे आकडे मिळतात. मोठ्या नदीचा एक परिणाम आपल्याकडेही असतो. ऑगस्ट २०२० च्या शेवटी कन्हानला मोठा पूर होता. कन्हान भरलेली असली की तिला मिळणाऱ्या नदीच्या मुखाशी फुगवटा येतो. पूर्वेकडच्या, खालच्या टोकाच्या लोकांनी नुसता स्वतःच्या नदीचा पाऊस पाहून चालत नाही.

तर्रीपोहे | १३ मे, रात्री ८:४५

मी चार फुटांची आरसीसी कंपाउंड वॉल घालून गेट पक्कं करायच्या विचारात आहे. जोतं उचलण्यापेक्षा स्वस्त. काय म्हणता?

स्टाफधारी | १३ मे, रात्री ९:१०

दादा, पाणी सुगरणताईंकडे कुठून आलं? न्हाणीघराच्या जाळीतून. बाहेर भिंत असली तरी चेंबरमधून पाणी आत येऊन बाहेरच्या पातळीला बसतं. भिंत घालायचीच तर आधी शेवटच्या चेंबरला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी फक्त बाहेर जाऊ देणारी झडप) बसवा आणि दर उन्हाळ्यात तो उघडून साफ करा, केस आणि पन्नी अडकली की तो मिटत नाही.

सांडवा_१९५२ | १३ मे, रात्री ९:३३

आणि भिंतीने वळवलेलं पाणी शेजाऱ्याच्या घरात जातं. गल्लीतल्या सगळ्यांनी भिंती घातल्या की गल्लीचा नाला होतो. मी ही गोष्ट नोकरीत असतानाही सांगत होतो, आजही सांगतो. पाणी घरापर्यंत येऊ द्या, घरात येऊ देऊ नका.

भौ_उमरेडचा | १३ मे, रात्री ९:५०

हे मात्र लय भारी बोलले सर. आमच्या वावरात बांधावरून हेच भांडण आहे, भाऊबंदकी पाण्यानेच सुरू होते.

नागकाठ | २ जून, रात्री ८:३०

मंडळी, धागा वर काढतो. छेदांचा तक्ता मिळाला. आमच्या वरचा आणि खालचा छेद पुलाच्या एकाच बाजूचे निघाले, त्यामुळे मधली पातळी सरळ काढता आली. सर्व्हेअर आणले. त्यांनी पूररेषेच्या सर्व्हेतला टीबीएम शोधला, तो एका कल्व्हर्टच्या कठड्यावर रंगाखाली दबलेला होता, खरवडल्यावर बाण दिसला. तिथून लेव्हल चालवून दुसऱ्या वाटेने परत मिटवली, चूक मर्यादेत आली. फील्डबुक माझ्याकडे आहे.

सुगरणताईंच्या घरीही गेलो. त्यांच्या सासूबाईंनी कोठी नेमकी जिथे होती तिथे स्वतः उभी करून दिली, आखलेल्या खडूवर. रेघेवर स्टाफ (सर्व्हेची मोजपट्टी) धरला. तीच लेव्हल पुढे आणून आमच्या कपाटाच्या आतल्या खुणेवर धरली. दोन्ही खुणा नदीच्या उताराचा हिशोब केल्यावर दोन सेंटिमीटरच्या फरकाने जुळल्या.

निकाल: २०२३ ची खूण आमच्या प्लॉटवर लाल पातळीच्या २२ सेंटिमीटर वर आहे. म्हणजे नियमाप्रमाणे लाल पातळीवर ४५ घेतले तर २०२३ च्या पाण्याच्या वर माझ्याकडे फक्त २३ सेंटिमीटर उरतात. मग ४५ कशावर धरू, लाल पातळीवर की खुणेवर?

पाणलोट | २ जून, रात्री ९:०५

खुणेवर. वाहनं पाण्यातून गेली तरी वीतभर लाट उठते, २३ सेंटिमीटर त्यातच जातात. दोन घरांच्या खुणा स्वतंत्रपणे जुळल्या आहेत, तुमच्या हाती चांगला पुरावा आहे.

सांडवा_१९५२ | २ जून, रात्री ९:४०

सहमत. नियम किमान सांगतो, त्याहून वर जायला कुणी अडवत नाही. फक्त उंची भरावाने मिळवू नका. सगळा प्लॉट भरला तर पुराची साठायची जागा जाते आणि ते पाणी खालच्या घरांवर जातं. घर खांबांवर घ्या, खाली गाडी लावा, पाण्याला आरपार जाऊ द्या. विजेचं मीटर, बोअरच्या पंपाचा स्टार्टर आणि इन्व्हर्टर नव्या जोत्याच्याही वर. खांबांचा पाया प्रवाहाने उकरला जाणार नाही एवढा खोल आहे ना, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरला लेखी विचारा.

नागकाठ | २ जून, रात्री १०:०२

खांबांवरच घेतो. आर्किटेक्टना हा धागा पाठवलाय.

काँक्रीटविरोधी | २ जून, रात्री १०:१५

नागकाठ, तुमच्या दोन्ही खुणांच्या पातळ्या, फोटो आणि फील्डबुकाची प्रत ज्या खात्याने रेषा आखली त्यांना लेखी कळवा आणि पोच घ्या. लाल पातळीच्या वर प्रत्यक्ष पाणी आलं हे मोजून सिद्ध करणारे लोक कमी असतात. पुढची सुधारणा होईल तेव्हा हे कागद टेबलावर असायला हवेत.

तर्रीपोहे | ३ जून, सकाळी ७:२०

नागकाठ, सर्व्हेअरचा संपर्क व्यक्तिगत निरोपात द्याल का? आमच्या गल्लीतल्या अकरा घरांनी मिळून काम करायचं ठरवलंय. भिंतीचा बेत रद्द.

स्टाफधारी | ३ जून, सकाळी ८:००

अकरा घरं एकत्र असतील तर गल्लीच्या तोंडाशी एक पक्का टीबीएम करून घ्या. पुलाचा कठडा किंवा देवळाचा दगडी ओटा, जे पाडलं जाणार नाही असं काहीतरी. त्याची आरएल, तारीख आणि दोन बाजूंनी फोटो प्रत्येक घरात ठेवा. मग पाऊस थांबला की कुणीही नळी घेऊन खूण मोजू शकेल, आणि ते रंगरंगोटीच्या आधी करा.